आधी श्वास, मग पंचनामा

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे अजूनही आमच्या तोंडी असलेल्या औरंगाबादच्या, वर्तमानपत्रांत ‘बटन’ची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं, कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्या, पकडलेली पोरं, जप्त केलेली दुचाकी. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घातले, कोट्यवधींचं कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन पकडलं, आणि चार दिवस सगळा महाराष्ट्र आपल्या शहराकडे पाहत होता. या सगळ्या बातम्यांत पोलीस असतो, आरोपी असतो, मुद्देमाल असतो. एक माणूस मात्र त्यात नसतो. नशा जास्त होऊन जो कुठल्यातरी बंद खोलीत निळा पडत चालला आहे आणि ज्याच्या हातात फार तर काही मिनिटं उरली आहेत, तो.

हा लेख त्या काही मिनिटांच्या इतिहासाबद्दल आहे. त्या मिनिटांत माणसाजवळ सगळ्यात आधी कोण पोचतो, तो त्याला हात लावतो का, आणि लावला तर बेडी घालायला लावतो की श्वास द्यायला, हा प्रश्न आम्ही जातीचा प्रश्न मानतो. का मानतो, ते सांगायचं आहे.

आधी थोडं शरीराविषयी, कारण याबाबत आपल्या कार्यकर्त्यांतही गोंधळ आहे. अफू, आणि अफूपासून किंवा अफूच्या धर्तीवर बनवलेली औषधं, म्हणजे मॉर्फीन, हेरॉईन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. ही औषधं दुखणं मारतात, पण मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्रही मंद करतात. प्रमाण जास्त झालं की माणूस हाकेला ओ देत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास लांबत लांबत जातो, घशातून घरघर येते, ओठ आणि नखं निळी पडतात. हृदय चालू असतं, श्वास आधी थांबतो. म्हणजे शेजारच्या माणसाने त्याच्यासाठी श्वास घेतला तरी तो वाचू शकतो. आणि यावर उतारा आहे. नॅलॉक्सोन नावाचं औषध १९६१ मध्ये पेटंट झालं, १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंदूतल्या ज्या जागी अफू जाऊन बसते, तिथून ते अफूला ढकलून स्वतः बसतं. शिरेत दिलं तर दोन-तीन मिनिटांत मेल्यासारखा पडलेला माणूस श्वास घेऊ लागतो. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

‘बटन’ मात्र वेगळं. नायट्रॅझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या ओपिऑइड नाहीत आणि त्यांच्यावर नॅलॉक्सोन चालत नाही. पण पोरं बटन एकटं घेत नाहीत. त्यावर कोडीनचं सिरप, नाहीतर दारू. दोन्ही मिळून श्वास दाबतात, आणि त्यातल्या ओपिऑइडपुरता तरी नॅलॉक्सोनचा उपयोग होतो. फार लांबची गोष्ट आहे असं वाटत असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं राष्ट्रीय सर्वेक्षण पाहा. देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक ओपिऑइड घेतात आणि सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत पंजाबच्या जोडीला महाराष्ट्रही आहे. हे सर्वेक्षण सामाजिक न्याय मंत्रालयाचं आहे, गृह मंत्रालयाचं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता इतिहास. महाराष्ट्रात अफूची गोष्ट सांगायची तर ती बहुतेक जण ऐंशीच्या दशकातल्या ‘गर्द’पासून सुरू करतात. आम्ही ती शंभर वर्षं मागून सुरू करतो, गिरणगावातून.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना नेमलं. १९२२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातला एक आकडा त्या काळी विलायतेपर्यंत गाजला: कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी १०० तल्या ९८ जणांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणत तिला. आई पहाटे गिरणीत जायची, दहा-दहा तास राबायची, दूध पाजायला घरी येता येत नव्हतं. मूल भुकेने रडू नये म्हणून गोळी. गोळीने भूक मरायची, मूल वाळत जायचं, आणि कधी प्रमाण चुकलं तर उठायचंच नाही. आजच्या भाषेत हा ओव्हरडोस. पण त्या मुलांना कुणी व्यसनी म्हटलं नाही, आयांना मात्र अडाणी म्हटलं गेलं. गिरणीच्या पाळीला कुणी काही म्हटलं नाही.

आणि ही अफू मुंबईत नवखी नव्हती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्यावर या शहराचे मोठमोठे व्यापारी गब्बर झाले. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनच्या कापूस-अफूच्या व्यापारातली, आणि त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये उभं राहिलं ते जे. जे. रुग्णालय. आम्ही जीजीभाईंना शिव्या घालायला हे सांगत नाही; त्या रुग्णालयाने पुढे लाखो गरिबांना वाचवलं. पण अफूतून कमावणारा दाता ठरतो आणि अफूने मरणारा गुन्हेगार ठरतो, ही वाटणी किती जुनी आहे ते पाहा.

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहतात? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळाली पाहिजे, त्यात राष्ट्राचं हित आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. बाबासाहेब त्या भाषणात अफूवर बोलले असं आम्ही म्हणत नाही. पण बाळगोळीवरचा खरा इलाज हाच होता. आयांना उपदेश न करता तिच्या कामाचे तास, तिची मजुरी, तिची रजा यांना हात घालायचा. व्यसनाला नीतीचा प्रश्न न करता व्यवस्थेचा प्रश्न करणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना आम्हाला माहीत नाही.

त्याच काळातल्या आणखी दोन गोष्टी इथे जोडून पाहाव्या लागतात.

पहिली, गिरणीतली. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. १९२८ च्या संपात सगळे कामगार एक असल्याच्या घोषणा चालू असताना बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

दुसरी, काठेवाडातली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी तिची नोंद केली आहे, मूळ पत्र १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आलं होतं. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या बड्या माणसाच्या मध्यस्थीने आला, दोन रुपये फी घेऊन आला, पण वस्तीच्या बाहेरच उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याला दिलं, नवऱ्याने बायकोला. परत त्याच रांगेने ते डॉक्टरकडे आलं. न्यूमोनिया आहे म्हणाला, औषध पाठवलं, पुन्हा आलाच नाही. बाई गेली.

धोटा आणि थर्मामीटर. तोंड आणि हात. आणीबाणीच्या वैद्यकीय मदतीचं सगळं शास्त्र नेमकं याच दोन गोष्टींवर उभं आहे. म्हणून हे शास्त्र रस्त्यावर कुणी आणलं, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवं.

त्यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जावं लागेल. साठच्या दशकापर्यंत त्या शहरात रुग्णवाहिका म्हणजे पोलिसांची गाडी. हवालदार येणार, माणसाला मागे टाकणार, दोघेही पुढे बसणार आणि गाडी दामटणार. मागे माणसाचा श्वास अडकला तरी बघायला कुणी नाही. काळ्या लोकांच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत तर पोलीस गाडी बोलवावी की नाही हाच प्रश्न असे. यायला उशीर, आल्यावर अपमान. आपल्या वाचकांना याचा वेगळा अनुवाद करून सांगायला नको.

१९६६ मध्ये दोन मृत्यू झाले. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत कोसळले, पोलीस गाडीतून नेताना धड उपचार झाले नाहीत, काही दिवसांनी ते वारले. त्याच वर्षी डॉ. पीटर सेफर यांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. हे सेफर म्हणजे तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध सिद्ध करणाऱ्यांपैकी एक. रुग्णालयाच्या आधी, रस्त्यावरच, शिकलेल्या माणसाने उपचार सुरू करायला हवेत, ही त्यांची कल्पना. फाल्क वैद्यकीय निधीचे फिल हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्टमधली ‘फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस’ ही काळ्या लोकांची संस्था त्यांच्याबरोबर आली आणि १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाऊस रुग्णवाहिका सेवा’ जन्मली.

तिच्यासाठी माणसं कुठली घेतली? ज्यांना शहर ‘कामाला न लागणारे’ म्हणत होतं, ती. शाळा अर्धवट सुटलेली, व्हिएतनामहून परतलेली, तुरुंग बघून आलेली काळी तरुण मुलं. त्यांना जवळपास ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. शरीररचना, श्वास देणं, हृदयमर्दन, बाळंतपण, शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष काम. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, हिल डिस्ट्रिक्ट पेटली. ज्या रस्त्यांवर इतर कुणी शिरायला तयार नव्हतं, तिथे ही मुलं गेली. पहिल्याच वर्षात त्यांनी पाच हजारांहून जास्त हाकांना ओ दिली. पुढे तर गोऱ्या वस्तीतले लोकही फोनवर सांगू लागले की पोलीस नको, फ्रीडम हाऊसवाले पाठवा.

आणि आपल्या विषयाचा धागा इथेच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेरॉईनने काळ्या वस्त्या पोखरल्या होत्या. निक्सन सरकारने नशेला शत्रू क्रमांक एक जाहीर केलं होतं. पोलिसाच्या नजरेत पडलेला माणूस ‘जंकी’. रुग्णालयाबाहेर, जिन्यात, फुटपाथवर अशा माणसाला नॅलॉक्सोन देऊन परत आणणाऱ्या अगदी पहिल्या पथकांत फ्रीडम हाऊसचं नाव घेतलं जातं. या मुलांना तो जिना ओळखीचा होता. पडलेला कधी शाळासोबती असायचा, कधी चुलतभाऊ. घरच्यांशी कसं बोलायचं, खिसे तपासायचे नाहीत, सुई कुठे आहे ते शांतपणे विचारायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

नॅलॉक्सोनने परत आलेला माणूस आभार मानत नाही, हेही सांगायला हवं. औषधाने अफू एका झटक्यात हटते आणि शरीर तडफडायला लागतं. उलट्या, थरथर, घाम, अंगात कळा, संताप. आपल्याकडचे गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. माणूस उठून शिव्या देतो, सलाइन ओढून पळू पाहतो. पोलिसाला यात माज दिसतो आणि लाठी बाहेर येते. प्रशिक्षित माणसाला यात लक्षण दिसतं. म्हणून तो औषध थोडंथोडं देतो, श्वास सुरू होईल एवढंच, आणि मग रुग्णाला गाडीत बसण्यासाठी पटवतो. शब्दांत ही चार ओळींची गोष्ट आहे, पण माणूस पळून जाऊन पुन्हा कोसळणार की रुग्णालयात पोचणार, हे तिच्यावर ठरतं.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी पॅरामेडिकचा अभ्यासक्रम तयार करायचं काम दिलं तेव्हा तो या मुलांच्या कामावर घासून तयार झाला. आणि त्याच वेळी पिट्सबर्गचे महापौर पीटर फ्लॅहर्टी सेवेचा पैसा आखडत होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद झालं, पालिकेने स्वतःची सेवा काढली. फ्रीडम हाऊसची माणसं घ्यायचं ठरलं होतं, घेतलीही. मग नव्या परीक्षा, जुन्या शिक्षा, शिकवलेल्यांच्या हाताखाली नेमणुका, आणि एकेक करून बहुतेक बाहेर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती सेवा जवळपास पूर्ण गोरी झाली होती. काम घाणेरडं असतं तेव्हा ते आपलं असतं. त्याला पगार, गणवेश आणि प्रतिष्ठा आली की ते ‘गुणवत्तेचं’ होतं. मेलेली गुरं ओढणारी माणसं कातड्याच्या कारखान्याची मालक का झाली नाहीत, याचं उत्तरही इथेच सापडतं.

फ्रीडम हाऊस ही ब्लॅक पँथरची संघटना नव्हती, हे स्पष्ट करू. आपल्याकडे काळ्या लोकांचं जे काही दिसेल ते पँथरच्या नावावर खपवायची सवय आहे. पण पँथरही या प्रश्नापासून दूर नव्हते. त्यांनी मोफत दवाखाने चालवले. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने लिंकन रुग्णालय ताब्यात घेतलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पँथर कार्यकर्त्यांसह तिथे हेरॉईन सोडवण्याचं केंद्र उभं केलं. टर्की काढायला मेथाडोन, पुढे कानाला टोचायच्या सुया, आणि बरोबर राजकीय शिक्षणाचे वर्ग. १९७८ मध्ये नगर प्रशासनाने तेही त्यांच्या हातातून काढून घेतलं.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिथून घेतलं, आवेश घेतला, कविता तर आपली स्वतःचीच होती. त्याच वर्षी आलेल्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी मुंबईच्या ज्या गल्ल्या मराठीत आणल्या, त्याच गल्ल्यांत आठ-दहा वर्षांनी ब्राऊन शुगर आली. दवाखाना मात्र आपण तिथून घेतला नाही. आमच्या मते पँथरच्या वारशातला हा राहून गेलेला भाग आहे. तेव्हाच्या नेत्यांना दोष देण्यात अर्थ नाही, गावोगाव अत्याचार चालू होते, मराठवाड्यात तर १९७८ पासून नामांतरासाठी घरं जळत होती. दवाखान्याचा विचार करायला उसंत कुणाला होती? पण आज पन्नास वर्षांनी तीच सबब चालणार नाही.

गर्द आली तेव्हा राज्यसंस्थेने काय केलं? १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. नशा करणं हाच गुन्हा. कलम २७ खाली हेरॉईन-मॉर्फीन घेतल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद. पुढे कलम ६४-अ आलं, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं. किती वकिलांना, किती ठाणेदारांना ते आठवतं, हा वेगळा प्रश्न. समाजाच्या बाजूने अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून मुक्तांगण सुरू केलं. व्यसनी हा आजारी माणूस आहे ही भाषा मराठी घरांत पोचवण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण व्यसनमुक्ती केंद्र हे जिवंत पोचलेल्या माणसासाठी असतं. खोलीत निळ्या पडलेल्या माणसापर्यंत ते पोचत नाही.

उलट एक धोका तिथूनच सुरू होतो, आणि तो कुणी घरच्यांना सांगत नाही. महिना-दोन महिने केंद्रात किंवा हर्सूलसारख्या तुरुंगात राहून आलेल्या माणसाच्या शरीराची सवय उतरलेली असते. बाहेर आल्यावर तो पहिल्याच दिवशी जुन्या मापाने घेतो आणि तेवढ्याने मरतो. सुटून आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात घातक असतात.

आता आपल्याकडची रुग्णवाहिका. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ सेवा चालू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अतिदक्षता सोयींच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. फोन लावला की फुकट येते. वस्तीतल्या बाळंतिणी, साप चावलेले, अपघातातले, किती माणसं या गाडीने वाचली याला आम्ही साक्षी आहोत. गाडीवर बहुतेक आयुर्वेदाचे-होमिओपॅथीचे पदवीधर डॉक्टर, बारा-बारा तास राबणारे, आणि त्यांच्या बरोबरीने चालक. त्यांच्या नोकरीची हमी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कायद्याची बाजूही आपल्याकडे भक्कम आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमी माणूस गुन्हेगार असो की निरपराध, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्यावर, न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१ चा भंग ठरवला. म्हणजे हा दयेचा मामला नाही, संविधानाने दिलेला जगण्याचा हक्क आहे.

तरीही फोन का लागत नाही? वस्तीत विचारलं तर उत्तर एकच मिळतं: गाडीमागे पोलीस येतील. आणि ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. पण ते संरक्षण वाहन अपघातापुरतं. मित्राने नशा जास्त केली म्हणून १०८ ला फोन करणाऱ्या पोराला तसं कवच नाही. त्याच्याच खिशात पुडी सापडली तर तोच आरोपी. मग सोबतचे पळून जातात आणि पडलेला मरतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये नशेच्या प्रकरणात फोन करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला, मागोमाग बहुतेक राज्यांनी केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की अशा प्रसंगाचे साक्षीदार होण्याची शक्यता असलेल्या लोकांपर्यंत, म्हणजे मित्र, घरचे, कार्यकर्ते यांच्यापर्यंत, नॅलॉक्सोन आणि ते वापरण्याचं शिक्षण पोचलं पाहिजे. आपल्याकडे ते अजून डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं इंजेक्शन आहे.

आणि फोन न लागण्याचं दुसरं कारण पोलीस नाहीत, आपण आहोत.

आपण बौद्ध आहोत. पाचवं शील आपल्याला पाठ आहे, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. चळवळीने लाखो घरं दारूतून बाहेर काढली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच शीलाचा आपण दगड केला आहे. विहारात ज्याला पुढे बसू देत नाहीत, जयंतीच्या कमिटीतून ज्याचं नाव गुपचूप गळतं, ज्याची आई ‘पोरगं पुण्याला कामाला आहे’ असं सांगते, तो पोरगा दार लावून घेतो. दार लावून एकट्याने नशा करणं हाच मरायचा सगळ्यात पक्का रस्ता आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने खंगलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं, आणि मग संघाला फटकारलं. तो आजारी कसा पडला, त्याचा दोष किती, ही चौकशी तिथे नाही. शील स्वतःसाठी पाळायचं असतं. दुसऱ्याचा श्वास थांबलेला असताना त्याचं शील मोजायचं नसतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. नागसेनवनात, जिथे १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, तिथून शिकून निघणाऱ्या मुलामुलींनी स्पर्धा परीक्षांच्या रांगेबरोबर या क्षेत्राकडेही पाहावं. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम आहेत, नर्सिंग आहे. प्रत्येक विहारात वर्षातून एकदा श्वास देण्याचं आणि हृदयमर्दनाचं प्रशिक्षण घेणं अवघड नाही, जयंतीच्या डीजेच्या खर्चात पाच वर्षांची प्रशिक्षणं होतील. जिल्ह्यातल्या १०८ च्या प्रत्येक गाडीच्या औषधपेटीत नॅलॉक्सोन आहे का, गाडीवरच्या डॉक्टरांना ते देण्याचं प्रशिक्षण कधी झालं, घाटीत नशेच्या विषबाधेचे किती रुग्ण येतात आणि त्यातल्या किती जणांना पुढे मानसोपचार विभागात पाठवलं जातं, हे माहिती अधिकारात विचारावं. आमदारांना निवेदन द्यायचं तर ‘ड्रग्जमुक्त शहर’च्या फलकासाठी देऊ नका, फोन करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या तरतुदीसाठी द्या. आणि व्यसनाचा विषय गृहखात्याच्या आधी सामाजिक न्याय आणि आरोग्य खात्याचा आहे, हे प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा.

प्रशिक्षण होईपर्यंत निदान एवढं प्रत्येकाला माहीत असू द्या. माणूस हलवून, हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही उठत नसेल आणि श्वास अडखळत असेल तर १०८ लावा; फोनवर नशेची चर्चा करू नका, ‘बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ एवढं स्पष्ट सांगा. डॉक्टर आल्यावर मात्र काय घेतलं ते लपवू नका, रिकामं पाकीट-बाटली त्यांच्या हातात द्या. तोवर मान मागे कलवून, नाक दाबून, दर पाच-सहा सेकंदांनी एक असा तोंडाने श्वास देत राहा. श्वास पूर्ण थांबला असेल आणि नाडी लागत नसेल तर छाती दाबायलाही सुरुवात करा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. थंड पाणी ओतणं, कांदा हुंगवणं, मिठाचं पाणी पाजणं, थोबाडीत मारणं यात वेळ घालवू नका. आणि नॅलॉक्सोन मिळून तो उठून बसला, शिव्या देऊ लागला, घरी जातो म्हणाला, तरी दोन-तीन तास त्याला एकटं सोडू नका. उतारा अर्ध्या-पाऊण तासात ओसरायला लागतो, अफू मात्र अंगात अजून शिल्लक असते, आणि तो पुन्हा झोपेत जाऊ शकतो.